टीएचपी-१ ला वायुकोशातील मॅक्रोफेज म्हणता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सिलिकाच्या धुळीचा फुफ्फुसातील मॅक्रोफेजवर, म्हणजे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशींवर, होणारा परिणाम टीएचपी-१ या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींवर) तपासला. पेशींना पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारखे केले, त्यांच्यावर स्फटिकी सिलिका टाकली आणि माध्यमात आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारे प्रथिन वाढल्याचे दाखवले. शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारले आहे की, या पेशींना ‘मानवी वायुकोशीय मॅक्रोफेज’ कोणत्या आधारावर म्हटले? विद्यार्थिनीला आता हे जाणून घ्यायचे आहे की दुसरी कोणती सेल लाइन घेतली असता हा आक्षेप दूर होईल.

उत्तर आधीच सांगतो: अशी सेल लाइन नाही. मोनोसाइट (रक्तातील ज्या पेशींपासून मॅक्रोफेज बनू शकतात त्या) आणि मॅक्रोफेज या वर्गातील ज्या मानवी सेल लाइन प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जातात, त्यांपैकी एकही वायुकोशातून आलेली नाही, आणि म्हणून टीएचपी-१ बाजूला ठेवून यू९३७ ही दुसरी लाइन घेतल्याने परीक्षकाचे समाधान होणार नाही; तोच प्रश्न नव्या नावासह परत येईल. आक्षेप रास्त आहे. तरीही केलेले काम फुकट गेले असे समजण्याचे कारण नाही, कारण या पेशी काही प्रश्नांची उत्तरे उत्तम देतात आणि काहींची मुळीच देऊ शकत नाहीत. विद्यार्थिनीला उद्देशून सांगायचे तर, तुमच्या निबंधात या दोन्ही प्रकारचे प्रश्न एकत्र झाले आहेत एवढेच.

या पेशी कुठून आल्या ते आधी पाहू, कारण पुष्कळ विद्यार्थी कॅटलॉगमधील ‘मोनोसाइट’ हा एक शब्द वाचून पुढे जातात. टीएचपी-१ ही सेल लाइन जपानमधील तोहोकू विद्यापीठात तयार झाली आणि १९८० साली प्रसिद्ध झाली. तीव्र मोनोसाइटिक ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून त्या पेशी घेतलेल्या होत्या, आणि नावातील तीन अक्षरे ‘तोहोकू हॉस्पिटल पेडियाट्रिक्स’ची आहेत. या पेशींमध्ये ११ व्या गुणसूत्रावरील एमएलएल आणि ९ व्या गुणसूत्रावरील एएफ९ ही जनुके तुटून एकमेकांना जोडली गेली आहेत. पी५३ हे जनुकही बिघडलेले असल्याने त्याचे कार्यक्षम प्रथिन तयार होत नाही. म्हणजे ‘सिलिकामुळे डीएनएला इजा होऊन मॅक्रोफेज मरते का’ हा प्रश्न टीएचपी-१ ला विचारणे मुळातच धोक्याचे आहे, कारण त्या इजेला उत्तर देणारी मुख्य यंत्रणाच तिथे नाही. यू९३७ ही त्याआधीची, स्वीडनमधील उप्साला येथे ३७ वर्षांच्या एका पुरुषाच्या हिस्टिओसायटिक लिम्फोमातून निघालेली. १९७६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती फुफ्फुसावरणात साठलेल्या पाण्यातून मिळाली होती, आणि एवढ्यावरून ती ‘फुफ्फुसातील’ पेशी असल्याचा समज अधूनमधून आढळतो. तो चुकीचा आहे. त्या पाण्यात पसरलेल्या लिम्फोमाच्या पेशी होत्या. वायुकोशाशी त्यांचा संबंध नव्हता. एचएल-६० ही प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाची सेल लाइन तर मॅक्रोफेजपेक्षा न्यूट्रोफिल या वेगळ्या पांढऱ्या पेशींच्या अभ्यासालाच अधिक सोयीची आहे.

परंतु समजा, ल्युकेमिया नसलेल्या निरोगी माणसाच्या मोनोसाइट घेतल्या, तरी त्या आपोआप वायुकोशीय मॅक्रोफेज होतील का? नाही, आणि माझ्या मते परीक्षकाच्या प्रश्नाचा खरा रोख इथे आहे. उंदरांवरील कामातून हे बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे की, गर्भावस्थेतील मोनोसाइट जन्माच्या सुमारास फुफ्फुसात स्थिरावतात आणि पहिल्या आठवड्याच्या आत, वायुकोशाच्या अस्तरातील पेशींनी सोडलेल्या जीएम-सीएसएफ या संदेशवाहक प्रथिनामुळे त्यांच्यात पीपीएआर-गॅमा हे नियामक प्रथिन सुरू होऊन त्यांना वायुकोशीय मॅक्रोफेजची ओळख मिळते. टीजीएफ-बीटा हे दुसरे संदेशवाहक प्रथिन ती ओळख टिकवून धरते. माणसाच्या बाबतीत फुफ्फुस-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये रक्तातून आलेल्या मोनोसाइटही पुढे वायुकोशीय मॅक्रोफेज बनलेल्या दिसल्या आहेत. यावरून असे दिसते की, पेशी कुठून निघाली यापेक्षा ती कुठे राहते आणि तिथे तिला कोणते रासायनिक संदेश मिळतात याचे वजन जास्त आहे.

ते संदेश थांबले तर काय होते याचे उदाहरण रुग्णालयातच पाहायला मिळते. पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस या आजारात वायुकोश सर्फॅक्टंटच्या, म्हणजे त्यांना आतून लेपणाऱ्या मेद-प्रथिनांच्या मिश्रणाच्या, साठ्याने भरून जातात. १९५८ साली तो पहिल्यांदा वर्णन केला गेला, पण त्याचे कारण बराच काळ उलगडले नव्हते. १९९४ साली जीएम-सीएसएफचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत नेमके तेच चित्र दिसले, आणि त्यानंतर पाचएक वर्षांनी जपानी संशोधकांनी दाखवले की या रुग्णांच्या शरीरात जीएम-सीएसएफविरुद्धच प्रतिपिंडे असतात. मॅक्रोफेज तिथे असतात, परंतु सर्फॅक्टंटमधील मेद पचवण्याचे त्यांचे रोजचे काम बंद पडते आणि त्या मेदाने फुगतात. आता तुमच्या फ्लास्ककडे पाहा. त्यात जीएम-सीएसएफ नाही, टीजीएफ-बीटा आहे तो सीरममधून आला असेल तेवढाच, सर्फॅक्टंटचा थेंबही नाही, आणि आरपीएमआय १६४० या माध्यमात लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे सुमारे ११ मिलिमोलर ग्लुकोज आहे. वायुकोशाच्या आतील द्रवाच्या थरात ग्लुकोज रक्तापेक्षाही कितीतरी कमी असते, आणि तिथल्या मॅक्रोफेज ऊर्जेसाठी मुख्यतः मेद आणि मायटोकाँड्रिया यांवर विसंबतात. दाहाची तीव्रता पेशीच्या चयापचयाशी बांधलेली असल्यामुळे हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

आणखी एक गोष्ट वारंवार दुर्लक्षित राहते. वायुकोशीय मॅक्रोफेजचे नेहमीचे काम गप्प राहण्याचे आहे. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, परागकण, जिवाणूंचे तुकडे आत येतात, आणि त्या प्रत्येकावर दाह उसळला तर वायूंची देवाणघेवाणच थांबेल. म्हणून अस्तरातील पेशी, टीजीएफ-बीटा, आयएल-१०, सर्फॅक्टंटमधील प्रथिने हे सगळे मिळून मॅक्रोफेजला आवर घालत असतात. प्लास्टिकच्या प्लेटवर एकट्या पडलेल्या टीएचपी-१ ला आवर घालणारे कोणी नसते, आणि म्हणूनच ‘अमुक कणांनी दाह होतो’ असे तिच्यावर दाखवणे सोपे जाते. त्याच कणांना खऱ्या वायुकोशात किती प्रतिसाद मिळेल हे त्यावरून ठरत नाही.

आता तुमच्या प्रयोगातील नाजूक जागेकडे, म्हणजे पीएमएकडे येतो. जमालगोट्याच्या तेलातून वेगळे केलेल्या फोर्बोल एस्टर या कुळातील हे रसायन प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला दीर्घकाळ चालू ठेवते. त्यामुळे तरंगणाऱ्या टीएचपी-१ पेशींचे विभाजन थांबते, त्या तळाला चिकटतात, पसरतात आणि मॅक्रोफेजसारख्या दिसू लागतात. शरीरात कोणतीही मोनोसाइट या मार्गाने मॅक्रोफेज होत नाही. प्रयोगशाळांत ५ पासून २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत वाटेल ती मात्रा वापरली जाते, आणि ‘आमच्याकडे नेहमी १००च टाकतात’ यापलीकडे तिचे समर्थन क्वचितच असते. १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे १६० नॅनोमोलर. चिकटण्यासाठी ५ नॅनोग्रॅमच्या आसपासची मात्राही पुरते असे २००७ मध्येच दाखवले गेले आहे, आणि मात्रा जितकी मोठी तितका पीएमएचा स्वतःचा जनुकीय गोंधळ मोठा, ज्यात मागून दिलेल्या कमकुवत उत्तेजकाचा परिणाम बुडून जातो. त्यानंतरची विश्रांती तर अनेकजण देतच नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २०० नॅनोमोलर पीएमए तीन दिवस देऊन, ते काढून टाकून, पेशींना आणखी पाच दिवस साध्या माध्यमात ठेवले तेव्हा त्यांचा पेशीद्रव, मायटोकाँड्रिया आणि लायसोसोम मोनोसाइटपासून बनवलेल्या मॅक्रोफेजच्या बरेच जवळ आले. पाच दिवस शक्य नसतील तर किमान दोन-तीन दिवस तरी द्यावेत, आणि किती दिले ते निबंधात लिहावे.

आयएल-१ बीटाच्या बाबतीत पीएमएची ही अडचण थेट निष्कर्षाला भिडते. हे सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले संदेशवाहक प्रथिन, तयार होण्यास दोन पायऱ्या लागतात. पहिल्या संदेशाने पेशीत ३१ किलोडाल्टनचे अपक्व प्रथिन साठते, आणि दुसऱ्या संदेशाने एनएलआरपी३ इन्फ्लमासोम हा प्रथिनांचा संच जुळून कॅस्पेस-१ हे एन्झाइम त्याला कापून १७ किलोडाल्टनचे क्रियाशील रूप बाहेर सोडते. सिलिका हा दुसरा संदेश आहे. २००८ साली सिलिका आणि ॲस्बेस्टॉस यांच्याबाबत हे टीएचपी-१ वरच दाखवले गेले, आणि तो या सेल लाइनचा अगदी योग्य वापर होता. परंतु पहिला संदेश कुठून आला? पीएमए स्वतःच टीएचपी-१ मध्ये अपक्व आयएल-१ बीटा साठवून ठेवते, त्यामुळे तुमच्या पेशी सिलिका येण्यापूर्वीच भरलेल्या बंदुकीसारख्या होत्या. फुफ्फुसात शांत बसलेल्या मॅक्रोफेजची स्थिती तशी नसते. रक्तातील मोनोसाइटच्या तुलनेत मानवी वायुकोशीय मॅक्रोफेज आयएल-१ बीटा कमी सोडतात हे १९८० च्या दशकापासून नोंदलेले आहे. म्हणजे ज्या एका मोजमापावर तुमचा निबंध उभा आहे, नेमके तेच ही सेल लाइन फुगवून दाखवण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

यावर करता येण्यासारखे बरेच आहे. एलायझा या प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीवर विसंबू नका. पेशी फुटून बाहेर पडलेले अपक्व प्रथिनही काही किटमध्ये मोजले जाते. माध्यमाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करून १७ किलोडाल्टनची पट्टी दाखवा, आणि त्याच विहिरींतील एलडीएच हे फुटलेल्या पेशींतून गळणारे एन्झाइम मोजून किती पेशी मेल्या ते शेजारी मांडा. सायटोकॅलासिन डी देऊन कण गिळणे थांबवले की प्रतिसाद थांबतो का, एमसीसी९५० ने एनएलआरपी३ अडवल्यावर किती उरतो, हेही पाहा. एनएलआरपी३ काढून टाकलेल्या टीएचपी-१ पेशी विकत मिळतात. निधी असेल तर त्या घ्याव्यात, कारण औषधाने अडवण्यापेक्षा तो पुरावा अधिक भक्कम ठरतो. विश्रांतीच्या प्रत्येक दिवसागणिक, सिलिका न दिलेल्या पेशींतील अपक्व प्रथिन किती उतरते याचा एकच ब्लॉट निबंधात घातला, तरी परीक्षकाच्या मनातील निम्मी शंका दूर होईल.

सिलिकाविषयीही दोन शब्द. कण तळाशी बसतात, म्हणून मात्रा मिलिलिटरमागे न देता पृष्ठभागाच्या चौरस सेंटिमीटरमागे किती मायक्रोग्रॅम अशी द्यावी. नाहीतर ९६ आणि ६ विहिरींच्या प्लेटमधील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कणांवर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील दाहकारी पदार्थ, चिकटलेले असेल तर तो आयता पहिला संदेश ठरतो. कोरडी उष्णता देऊन ते नष्ट करता येते, पण फार उंच तापमानात सिलिकाचा पृष्ठभागच बदलतो, म्हणून आधी एलएएल ही एंडोटॉक्सिनची चाचणी करून गरज आहे का ते पाहावे. स्फटिकी नसलेली सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन्ही तुलनेसाठीचे नियंत्रक हवेतच. शिवाय मानवी वायुकोशीय मॅक्रोफेज प्रतिपिंडांचा लेप नसलेले कण पकडतात ते मुख्यतः मार्को या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) मदतीने. तुमच्या टीएचपी-१ वर तो किती आहे हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन, मोजल्याशिवाय ‘कण गिळण्याची प्रक्रिया’ असा मथळा देऊ नये.

प्राण्यांच्या सेल लाइनचा मोह होईल, कारण तिथे खरोखर वायुकोशातून आलेल्या पेशी आहेत. उंदराची एमएच-एस ही वायुकोशीय मॅक्रोफेजना एसव्ही४० विषाणूने अमर करून बनवलेली आहे आणि मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची एनआर८३८३ ही अशा विषाणूशिवायच दीर्घकाळ वाढत राहिलेली आहे. कणांच्या विषारीपणाच्या चाचण्यांत दुसरी चांगली काम देते. परंतु उंदराच्या मॅक्रोफेज उत्तेजित झाल्या की नायट्रिक ऑक्साइड मुबलक बनवतात आणि माणसाच्या तेवढे बनवत नाहीत, त्यामुळे क्षयरोगाचे जंतू किंवा ऑक्सिडेटिव्ह ताण यांविषयीचे निष्कर्ष तिकडून इकडे जसेच्या तसे आणता येत नाहीत. रॉ २६४.७ ही उंदराची सेल लाइन तर वायुकोशाचीही नाही. ती केवळ हाताशी असते म्हणून वापरली जाते.

मग करावे काय? माझा सल्ला असा की टीएचपी-१ चे काम यंत्रणेच्या पुराव्यापुरते ठेवा आणि त्यातील मोजके निष्कर्ष प्राथमिक मानवी पेशींवर पडताळा. रक्तदात्यांच्या मोनोसाइटपासून मॅक्रोफेज बनवणे कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेला जमते. त्यांना एम-सीएसएफ या वाढीच्या प्रथिनाऐवजी जीएम-सीएसएफ देणे ही पहिली पायरी झाली. २०२३ साली अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील गटाने त्यापुढे जाऊन जीएम-सीएसएफ, टीजीएफ-बीटा, आयएल-१० आणि सर्फॅक्टंट असे चारही घटक एकत्र देऊन मानवी रक्तपेशींपासून वायुकोशीय मॅक्रोफेजच्या बऱ्याच जवळ जाणाऱ्या पेशी मिळवल्याचे दाखवले. वर सांगितलेल्या ‘जागेच्या’ तर्काला हे धरून आहे आणि तुमच्यासारख्या प्रश्नाला मला आज हाच मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो. नवजात अर्भकांच्या औषधसाठ्यात असणारे सर्फॅक्टंट यासाठी वापरता येते, मात्र ते महाग असते आणि प्राणिजन्य असल्याने त्याचीही एंडोटॉक्सिन चाचणी करावी लागते. प्रेरित बहुक्षम मूलपेशींपासून (प्रौढ पेशी परत मूळ अवस्थेत नेऊन मिळवलेल्या पेशींपासून) मॅक्रोफेज बनवण्याची पद्धत उत्तम आहे, पण एका निबंधाच्या दुरुस्तीसाठी ती उभी करण्याच्या भरीस पडू नका.

सर्वांत जवळचा नमुना म्हणजे ब्राँकोस्कोपीतून फुफ्फुसाचा भाग सलाईनने धुऊन काढलेला द्रव. साधारण १०० ते ३०० मिलिलिटर सलाईन आत सोडून परत ओढले जाते आणि निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीत त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक पेशी मॅक्रोफेज असतात. आपल्याकडे निरोगी माणसाची ब्राँकोस्कोपी केवळ संशोधनासाठी क्वचितच होते, त्यामुळे मिळतो तो बहुधा रुग्णाच्या तपासणीतून उरलेला द्रव, आणि त्यासाठीही नैतिकता समितीची मंजुरी व रुग्णाची लेखी संमती आधीच हवी. निदान काय निघाले, धूम्रपान, प्रतिजैविके, स्टेरॉइड यांची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत ठेवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेज संख्येने कितीतरी पट अधिक आणि तपकिरी-काळ्या कणांनी भरलेल्या असतात. त्या मुळातच स्वतःहून चमकतात, म्हणून फ्लोमध्ये न रंगवलेल्या पेशींचा नियंत्रक नसेल तर प्रत्येक ग्राहक ‘पॉझिटिव्ह’ दिसतो. या पेशी फारशा विभाजित होत नाहीत आणि प्लेटवर काही दिवसांतच आपली ओळख गमावू लागतात, त्यामुळे प्रयोग पहिल्या एक-दोन दिवसांत उरकावा.

संख्याशास्त्राबाबत परीक्षकाने विचारलेले नाही, पण पुढच्या फेरीत विचारले जाईल. टीएचपी-१ चे तीन वेगवेगळे पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवलेल्या पिढ्या) म्हणजे प्रयोगाची तीन वेळा केलेली पुनरावृत्ती; त्यातून माणसामाणसांतील फरकाविषयी काहीही कळत नाही, कारण त्या सर्व पेशी एकाच मुलाच्या आहेत. रक्तदाते मात्र खरोखर वेगळे असतात, आणि त्यांच्यातील फरक इतका मोठा असतो की प्रत्येक दात्याचे बिंदू सुटे दाखवणे सरासरीच्या खांबांपेक्षा प्रामाणिक ठरते.

सेल लाइनची राखण हा कंटाळवाणा भाग आहे, म्हणून थोडक्यात. पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या रिपॉझिटरीसारख्या अधिकृत ठिकाणाहून घ्या, शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणू नका, आणि पेशींची डीएनए-ओळख पटवणाऱ्या एसटीआर तपासणीचा दाखला जवळ ठेवा. घनता मिलिलिटरमागे दहा लाखांपलीकडे जाऊ देऊ नका. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर दरमहा करा. तो नेहमीच्या गाळणीतून निसटतो, माध्यम गढूळ करत नाही, आणि मॅक्रोफेजना टीएलआर२ या ग्राहकामार्फत उत्तेजित करत राहतो, म्हणजे पुन्हा तोच पहिला संदेश.

परीक्षकाला उत्तर लिहिताना ‘वायुकोशीय मॅक्रोफेज’ हे शब्द शीर्षकातून आणि सारांशातून काढून तिथे ‘पीएमएने विभेदित केलेल्या टीएचपी-१ पेशी’ असे घाला. पद्धतीच्या भागात पीएमएची मात्रा, कालावधी, विश्रांतीचे दिवस आणि पॅसेज क्रमांक द्या. पी५३ नसल्यामुळे पेशीमृत्यूविषयीचा परिच्छेद गाळावा किंवा प्राथमिक पेशींवर पुन्हा करावा, मी गाळेन. वाढीव मुदत मागा आणि त्या मुदतीत चार-सहा दात्यांच्या, जीएम-सीएसएफ व टीजीएफ-बीटा दिलेल्या मॅक्रोफेजवर फक्त दोन मात्रा, एकच वेळ आणि १७ किलोडाल्टनची पट्टी एवढेच करा. धुऊन काढलेल्या द्रवाचे दोन-तीन नमुने मिळालेच, तर त्यांतील पेशी या प्रयोगासाठी वापरा आणि पेशीविरहित द्रव लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवून द्या. त्यातील आयएल-१ बीटा आणि सर्फॅक्टंट प्रथिने नंतर सावकाश मोजता येतात.